बुडालेल्या मासेमारी बोटीचं डिझेल: वडोदऱ्याहून किनाऱ्यावर मदतीला जाण्याआधी

मासेमारीची ट्रॉलर बुडते, खलाशी सुखरूप काठावर येतात, आणि थोड्या वेळाने पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागतो. मग ज्याचं-त्याचं लक्ष तवंगाकडे. बादल्या येतात, साबणाची पाकिटं येतात, कुणी भाताचा पेंढा टाकायला सांगतो. पण पाण्यावर पसरलेलं डिझेल कितीही धावपळ केली तरी फार थोडं हाताला लागतं. टाकीत उरलेलं मात्र जवळजवळ सगळं काढता येतं. तेव्हा पहिला प्रश्न "तवंग कुठवर गेला" हा नाही. "टाकीत अजून किती आहे आणि ते कुठल्या तोंडातून बाहेर पडतंय" हा आहे. या लेखातली सगळी कामं त्या प्रश्नाभोवतीच आहेत.

वडोदऱ्याला समुद्र नाही, पण खंभातचं आखात लांबही नाही. कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला जाऊन आलेल्या प्रत्येकाने ते देऊळ भरतीच्या पाण्यात दिसेनासं होताना पाहिलंय. रस्त्याने दोन तासांच्या आत-बाहेर पोचतो आपण. शिवाय या कामाला लागणारं सामान आणि माणसं आपल्याच शहरात आहेत. कोयलीची रिफायनरी इथे १९६५ पासून चालू आहे. मकरपुरा आणि नंदेसरीच्या कारखान्यांत तेल शोषणारे पॅड, डायफ्रॅम पंप (आतला पडदा मागे-पुढे हलवून ओढणारे), नायट्राइल हातमोजे रोजच्या वापरात असतात, आणि ते वापरणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ आहेत. करजण-जंबुसरचा कापूस तर दारातच.

आधी घंगाळात बघून घ्या

किनाऱ्यावर जाण्याआधी ५० सेंटिमीटर तोंडाचं एक घंगाळ अंगणात किंवा गच्चीवर घ्या. घरात नको, गॅस-शेगडीजवळ तर मुळीच नको. त्यात २० लिटर पाणी आणि ७०० ग्रॅम मीठ घाला. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा साधारण एवढाच असतो. ड्रॉपरने डिझेलचा एकच थेंब सोडा. काही क्षणांत सगळ्या पाण्यावर चंदेरी-करडी झाक पसरते. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी असते. आणखी नऊ थेंब सोडा, इंद्रधनुष्याचे पट्टे दिसू लागतात. दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. तेव्हा किनाऱ्यावर रंगीबेरंगी पाणी पाहून "हजारो लिटर सांडलं" म्हणण्याआधी हे घंगाळ आठवा.

आता दोन बोळे टाका. एक औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या कापसाचा, दुसरा जिनिंगमधून आणलेल्या कच्च्या रुईचा. दुकानातला कापूस लगेच पाणी पितो आणि खाली बसतो. रुई तरंगत राहते, तवंग तिच्याकडे ओढला जातो आणि तिच्याभोवतीचं पाणी स्वच्छ होत जातं. कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, तो तेल धरतो आणि पाणी झटकतो. दवाखान्यासाठी कापूस उकळून, ब्लीच करून तयार करताना तो थर निघून जातो. पेंढा आणि लाकडाचा भुसा आधी पाणीच पितात आणि बुडतात. तेल लागलेला पेंढा तळाशी जाऊन बसला तर पाण्यावरचा त्रास तळाला गेला, एवढंच होतं.

तिसरा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा पाच-सहा थेंब डिझेल टाका, नदीकाठची मूठभर बारीक चिकणमाती त्यात कालवा आणि काठीने चांगलं ढवळा. तासाभराने वरचा तवंग बराच कमी झालेला दिसेल. आता तळाचा गाळ हलकेच खरवडा. तवंग परत वर येतो. खंभातच्या आखाताचं पाणी वर्षभर गढूळ असतं आणि तिथे नेमकं हेच घडतं. मोकळ्या, स्वच्छ समुद्रात डिझेल तळाशी जाऊन साठत नाही. गाळाने भरलेल्या पाण्यात ते मातीच्या कणांना चिकटून खाली जातं आणि पुढच्या उधाणाला पुन्हा डोकं वर काढतं.

प्रयोग संपला की उरलेलं डिझेल रुईने टिपून घ्या. घंगाळ गटारात ओतू नका. आपली पावसाळी गटारं विश्वामित्रीला मिळतात, आणि विश्वामित्री पुढे ढाढरमार्गे याच आखातात जाते.

फोनवर काय सांगायचं

समुद्रात बोट बुडाल्याची खबर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर द्यायची. फोन लागत नसेल तर ११२. भारतात समुद्रातल्या तेलगळतीची मुख्य जबाबदारी राष्ट्रीय आराखड्यानुसार तटरक्षक दलाकडेच आहे, म्हणून बंदरावरच्या ओळखीच्या माणसाला फोन करून थांबू नका. माणसं बेपत्ता असतील तर पहिलं वाक्य तेच. तेल नंतर.

मग पुढची माहिती एका दमात द्या: जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, बोटीचा नोंदणी क्रमांक, पाण्याची खोली, बुडाल्याची वेळ, टाकीत आणि पिंपांत मिळून किती डिझेल होतं, तवंगाचा रंग, त्याची लांबी-रुंदी आणि तो कुठल्या दिशेला सरकतोय, वारा कुठून आहे, भरती आहे की ओहोटी. डिझेलचा आकडा मालकापेक्षा तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, अचूक माहीत असतो. तो दमलेला, भेदरलेला असतो, बोट म्हणजे त्याचा संसार असतो. त्याला आधी पाणी-चहा द्या, बसू द्या, आणि मग त्याच्याच गुजरातीत विचारा: "टांकीमां केटलुं डीझल हतुं?" किती भरून निघालात आणि किती दिवस झाले, हेही विचारा. पंधरा-वीस दिवसांच्या फेरीला निघणारी ट्रॉलर साधारण तीन-चार हजार लिटर घेऊन निघते; फेरीच्या शेवटी बुडालेल्या बोटीत त्याचा थोडाच हिस्सा उरलेला असतो. आणखी एक विचारायचं: टाकीची हवेची नळी डेकवर कुठल्या बाजूला निघते? पाणबुड्यांना पुढे याच एका उत्तराचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्याच्याकडून कागदावर चित्र काढून घ्या, कितीही वेडंवाकडं असलं तरी.

रंगावरून लिटर

तवंगाच्या रंगावरून त्याची जाडी, आणि जाडीवरून लिटर काढता येतात. युरोपात उत्तर समुद्रासाठी ठरवलेलं कोष्टक जगभर वापरतात. चंदेरी-करडा तवंग असेल तर एका चौरस किलोमीटरला ४० ते ३०० लिटर. इंद्रधनुषी असेल तर ३०० ते ५,००० लिटर. धातूच्या पत्र्यासारखी एकसारखी चमक असेल तर ५,००० ते ५०,००० लिटर.

समजा, इंद्रधनुषी पट्टा ५०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद आहे. म्हणजे चौरस किलोमीटरचा दहावा भाग. तेल ३० ते ५०० लिटर. तांडेल सांगतो, बोटीत २,५०० लिटर होतं. मग उरलेलं कुठे गेलं? काही उडून गेलं असेल, काही लाटांनी पाण्यात मिसळवलं असेल, पण बोट बुडून दोन-तीन तासच झाले असतील तर मोठा साठा अजून टाकीतच आहे. पाणबुडे बोलवायचे की नाही, हे या वजाबाकीवर ठरतं. काठावर उभं राहून रंग ओळखताना फसगत होते, कारण तिरक्या उन्हात आणि ढगांच्या प्रतिबिंबात सगळंच चंदेरी दिसतं. पुलावरून, धक्क्यावरून, सूर्य पाठीशी घेऊन बघा.

तवंग कुठे जाईल याचा साधा हिशेब असा: पाण्याचा प्रवाह पूर्ण, आणि वाऱ्याच्या वेगाचे ३ टक्के. २० किलोमीटर वेगाचा वारा तवंगाला तासाला ६०० मीटर ढकलतो. आखातात भरती-ओहोटीचा प्रवाह त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तिथे वाऱ्याआधी घड्याळ बघायचं. कोकणातल्या नातेवाइकांकडून शिकलेला, तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा हिशेब इथे चालत नाही. आखाताच्या आत भरती मुंबईपेक्षा काही तासांनी उशिरा येते. स्थानिक कोष्टकच घ्या किंवा कंबोईच्या मच्छीमारांना विचारा.

पाण्याखाली काय चाललेलं असतं

डिझेलचं वजन लिटरला साधारण ८३० ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचं १,०२५ ग्रॅम. त्यामुळे बुडालेल्या टाकीत डिझेल छताला जाऊन टेकतं आणि पाणी तळाला. टाकीला डेकवर दोन तोंडं असतात: डिझेल भरायचं तोंड आणि हवेची नळी. बोट सरळ बसली आणि दोन्ही तोंडं एका उंचीवर राहिली तर अदलाबदल हळू होते, उलट्या बाटलीसारखं बुडबुड करत. बोट कलली आणि एक तोंड खाली, एक वर आलं, की खालच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि वरच्यातून डिझेलची एकसारखी धार निघते. म्हणून पाणबुड्याला एका डुबकीत एकच तोंड बंद करता येणार असेल तर त्याने वरचं बंद करावं. वरचं बंद झालं की डिझेल छताखाली अडकतं, पेल्यात अडकलेल्या हवेसारखं.

तोंड बंद करायला काही भारी सामान लागत नाही. निमुळत्या लाकडी गुल्ल्या, २० मिलिमीटरपासून ८० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या, त्यांना गुंडाळायला कापडाच्या पट्ट्या, एक हातोडी, आणि पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी. लाकूड मऊ हवं, पाण्याने फुगून ते आपोआप घट्ट बसतं. आपल्या सुतारकामाच्या दुकानात अशा पंचवीस गुल्ल्या एका दुपारी होतात. प्रत्येक गुल्लीला मागे भोक पाडून दोरी ओवा, नाहीतर हातातून सुटलेली गुल्ली सरळ वर निघून जाते. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीची चकती (व्हॉल्व्ह) टाकीजवळ असते, ती हाताला लागली तर तीही बंद करायची.

डुबकी मारायचं काम प्रशिक्षित पाणबुड्यांचंच. उत्साही पोहणाऱ्याने, कितीही तरबेज असला तरी, हे करायला जाऊ नये. आखातात पाण्याखाली हाताचा पंजासुद्धा दिसत नाही. बोटीभोवती जाळी पसरलेली असतात आणि त्यांत माणूस अडकतो. प्रवाह थांबण्याचा वेळही तोकडा. अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढ-उताराची) भरती असते तेव्हा तो जरा लांबतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात अगदी आखडतो. जाळी आधी कापून, बांधून बाजूला काढणं हेही पाणबुड्यांचंच काम, आणि ते आधी न केल्याने बाकीचं सगळं अडतं.

टाकी उपसणं

तोंडं बंद झाली की गळती थांबते, टाकी मात्र भरलेलीच राहते. ती उपसावी लागते. वरच्या तोंडाला तेलाने खराब न होणारी, जाड भिंतीची २५ ते ४० मिलिमीटरची नळी जोडतात आणि खालचं तोंड उघडं ठेवतात, म्हणजे डिझेल निघेल तसं त्याच्या जागी पाणी शिरेल. इथे निसर्गच मदतीला येतो. १० मीटर खोलीवर डिझेल आणि समुद्राचं पाणी यांच्या वजनातल्या फरकाने सुमारे २ मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब मिळतो, आणि डिझेल नळीतून आपसूक वर चढू लागतं. पंप फक्त हळू ओढण्यापुरता. जोरात ओढलं की डिझेलबरोबर पाणी घुसळून वर येतं, आणि खालचं तोंड गाळाने बुजलेलं असेल तर टाकीचा पत्रा आत चेपतो.

पंप हवेवर चालणारा डायफ्रॅमचा हवा. पेट्रोलवर चालणारा पंप त्याच होडीवर चालवू नका. आपल्याकडच्या डिझेलचा भडका बिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात डेकवर सांडलेल्या डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते. "डिझेल काय, ते पेट्रोलसारखं पेटत नाही" हे रस्त्यावर ऐकायला ठीक असलं, तरी तापलेल्या लोखंडी डेकवर ते लागू होत नाही. फोन, विडी, वेल्डिंग सगळं लांब ठेवा.

पिंपांचा हिशेब सढळ हाताने करा. २,००० लिटर डिझेलला २०० लिटरची दहा पिंपं पुरतील असं वाटतं, पण शेवटी-शेवटी अर्धं पाणीच येतं. पंधरा-सोळा न्या, आणि प्रत्येक पिंप तीन-चतुर्थांशच भरा. दर पिंपातून एका पारदर्शक बाटलीत नमुना काढून दोन मिनिटं स्थिर ठेवा. डिझेल वर आणि पाणी खाली, मधली रेघ स्पष्ट दिसते. बाटलीत नुसतं पाणीच यायला लागलं तरी लगेच थांबू नका. अर्धा तास जाऊ द्या आणि पुन्हा ओढा. टाकीच्या आडव्या पट्ट्यांमागे अडकलेलं डिझेल तेवढ्या वेळात सरकून वर येतं.

एक चूक वारंवार होते: टाकी न उपसता, गुल्ल्या ठोकलेल्या अवस्थेत बोट वर उचलणं. टाकीत अडकलेली हवा १० मीटर खोलीवर दुप्पट दाबाखाली असते. बोट वर आली की तीच हवा फुगायला बघते, गुल्ली उडते किंवा टाकीचा जोड फाटतो, आणि दोन दिवस जपून ठेवलेलं सगळं डिझेल एका मिनिटात पाण्यावर. आधी उपसा, मग उचला. उचलतानाही बोटीभोवती बूमचं, म्हणजे तरंगत्या अडसराचं, कडं हवंच, कारण इंजिनाचं ऑईल, विंचचं (जाळं ओढायच्या यंत्राचं) हायड्रॉलिक तेल आणि इंजिनघरातलं काळं पाणी तेव्हाच बाहेर येतं.

खाडीच्या तोंडावर बूम

आता आपल्या लोकांचं मुख्य काम. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक अडसर. वर तरंगणारा भाग आणि खाली लोंबणारा पडदा. मोकळ्या समुद्रात डिझेलच्या तवंगापुढे तो फारसा उपयोगी नाही. छोट्या गळतीतलं बहुतेक डिझेल काही तासांपासून दोन-तीन दिवसांत उडून आणि विखरून जातं. पण ते तेवढ्या वेळात तिवरांच्या (खारफुटीच्या) खाडीत शिरलं तर चिखलात मुरतं आणि तिथे लाटाही नसतात, ऊनही पोचत नाही. म्हणून बूम लावायचा तो खाडीच्या तोंडावर. इकडे तिवराला चेर म्हणतात. स्थानिकांना विचारताना तोच शब्द वापरा.

बूम प्रवाहाला आडवा बांधायची चूक जवळपास प्रत्येक नवी तुकडी करते. पाण्याचा वेग सेकंदाला ०.३५ मीटरच्या वर गेला की तेल पडद्याखालून सुटून पलीकडे जातं, बूम कितीही महागाचा असो. वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर १० मीटरवर दोन काठ्या रोवा, शेंडीसकट नारळ वरच्या काठीपाशी सोडा आणि सेकंद मोजा. २८ सेकंद किंवा जास्त लागले तर आडवा बूम चालेल. २० सेकंद लागले तर प्रवाहाशी ४५ अंशांचा कोन. १४ सेकंदांना ३० अंश, १० सेकंदांना २० अंश. कोन जितका तिरपा तितकी लांबी जास्त: ४० मीटरच्या तोंडाला ३० अंशात ८० मीटर बूम लागतो, २० अंशात जवळजवळ १२०. तिरप्या बूमने तेल अडत नाही, ते कडेकडेने सरकत काठाच्या एका शांत कोपऱ्यात येतं. तो कोपरा आधी निवडायचा. तिथे गाडी पोचली पाहिजे, पायाखाली घट्ट जमीन पाहिजे, आणि तिवर नसले पाहिजेत.

बूमवर येणारा ओढ लोकांना फार कमी वाटतो. किलोतला जोर साधारण १०० गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग. ५० मीटर लांब, ३० सेंटिमीटर पडद्याचा बूम ०.३५ मीटर वेगाच्या पाण्यात सुमारे १८५ किलोंनी ओढला जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, साडेसातशेच्या घरात. दोन माणसांनी दोर धरून उभं राहणं हा उपाय नाही. नांगर टाका, काठावर जाड खुंट ठोका. झाडाला बांधायचं असेल तर तिवराला नको, त्याची मुळं चिखलात वरवर असतात.

आणि आखातातली खास अडचण: भरती-ओहोटीतला फरक इथे देशात सगळ्यात मोठा आहे, आत-आत तर तो दहा मीटरच्या आसपास जातो. दुपारी भरतीला छान बसवलेला बूम संध्याकाळी काठावर लटकलेला असतो आणि त्याच्याखालून तवंग मोकळा जातो. काठाकडचं टोक उभ्या लोखंडी नळीवर कडीने अडकवा, म्हणजे ते पाण्याबरोबर वर-खाली सरकेल. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ते पाचपट ठेवा, आणि खोली भरतीच्या वेळची धरा. पाणी फिरलं की बूमचा पोट उलट्या बाजूला जातो. त्या वेळी, मग ती रात्रीची दोनची असली तरी, दोन माणसं तिथे जागी हवीत.

रुईचा पट्टा घरी कसा करायचा

कारखान्यातला पांढरा पॉलिप्रॉपिलीनचा पॅड मिळत असेल तर उत्तम. तो पाणी पीत नाही आणि स्वतःच्या वजनाच्या दहा-वीस पट तेल धरतो. पण पुरेसे मिळत नाहीत, आणि खाडीच्या तोंडावर पट्टेच लागतात.

कांद्याच्या जाळीदार गोण्या खंडेराव मार्केटमध्ये कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळतात. ५० सेंटिमीटर रुंद, ८० लांब अशी गोणी उभी मधोमध कापा, प्रत्येक अर्ध्याची नळी शिवा. १५-१६ सेंटिमीटर जाडीची होते. अशा चार नळ्या टोकाला टोक जोडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवल्या की तीन मीटरचा पट्टा तयार. आतून जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचं अस्तर द्या, नाहीतर रुईच्या लडी बाहेर येतात. सुती साडीचं अस्तर लावू नका, ते पाण्याने जड होतं. पट्ट्याच्या आतून ८ मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर आरपार ओवा आणि दोन्ही टोकांना फासे ठेवा. ओढ दोरावर यायला हवी. जाळीवर आली की ती पहिल्याच लाटेत उसवते. मग २ किलो रुई पिंजून, हलक्या हाताने भरा. दाबून साडेतीन-चार किलो भरली की पट्टा दिसायला भक्कम, पण तेल वरच्या बोटभर थरातच राहतं, आतली रुई कोरडी.

पुस्तकी हिशेबाने रुई वजनाच्या वीसपटीहून जास्त तेल घेते. डिझेल पातळ असल्याने उचलताना बरंच निथळून जातं, म्हणून पट्ट्याला १५ ते २० लिटरच धरा. तेवढं पिऊन तो पंधरा ते वीस किलोंचा होतो, दोन माणसांना उचलता येतो. तीन मीटरची लांबी म्हणूनच. पट्टे दोन ओळींत लावा, मध्ये मीटरभर अंतर, आणि जोडाला ३० सेंटिमीटर एकमेकांवर चढवा. डिझेलचा रंग रुईवर नीट दिसत नाही, तेव्हा पट्टा भरला की नाही हे बघायला टोकाला पिळा. तेल हाताला ओघळलं की बदला. दर चार तासांनी तपासायचंच. भरलेला पट्टा पाण्यात राहिला तर घेतलेलं तेल परत सोडतो.

चंदेरी झाक टिपत बसू नका. तेवढ्या पातळ थरामागे लागून पट्टे आणि माणसं दोन्ही वाया जातात.

साबण, बादली आणि चिखल

भांड्यांचा साबण किंवा डिटर्जंट टाकला की तवंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तो बारीक थेंब होऊन पाण्यात उतरलेला असतो, आणि माशांच्या कल्ल्यांना, अंड्यांना, कोळंबीच्या पिल्लांना आता जास्त लागतो. डिझेल हे पाण्यातल्या जिवांना तत्काळ सगळ्यात जास्त बाधणाऱ्या तेलांपैकी एक आहे. समुद्रात वापरायची विखुरणारी रसायनं वेगळी असतात. ती तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि डिझेलला ती सहसा लागतही नाहीत.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा माणसांनी बादल्यांनी तेल उपसल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. ते जहाजाचं जाड, डांबरासारखं इंधन होतं. डिझेल बादलीत येत नाही, पाणीच येतं.

तिवरांत शिरू नका. श्वास घेणारी मुळं पायाखाली मोडतात आणि तुडवल्याने वरचं तेल चिखलात खोल जातं. बाहेरच्या कडेला तेल साचलं असेल तर होडीतून, बागेच्या नळीएवढ्याच जोराने समुद्राचंच पाणी मारून ते पट्ट्याकडे ढकला. वाळूवर मात्र काही न करणं बरेचदा बरं. डिझेल वाळूत झटकन उतरतं, पण लाटा आणि भरती-ओहोटी ते तितक्याच लवकर धुऊन नेतात; फावड्याने वाळू उपसून किनाऱ्याचं नुकसान तेवढं होतं.

आखाताच्या चिखलात स्थानिक माणसाशिवाय एक पाऊलही टाकू नका. ओहोटीबरोबर जायचं, आणि पाणी फिरायच्या आधी परतायचं. भरती इथे चालत्या माणसापेक्षा वेगाने येते.

मच्छीमारांना एक गोष्ट वेळेवर सांगितली तर त्यांचं मोठं नुकसान वाचतं: तवंग येण्याआधी पाण्यात बांधलेली जाळी उचलून घ्या. तवंगातून ओढलेल्या जाळ्यातला सगळा मासा डिझेलचा वास धरतो, आणि जाळ्याचा वास पुढच्या फेऱ्यांनाही जात नाही. मासे पोहून दूर जातात, पण कालवं-शिंपले जागचे हलत नाहीत. त्यांच्या अंगात तेल साठतं आणि निघून जायला काही आठवडे लागतात. तोवर ती काढू नयेत.

अंगावर काय, आणि कचऱ्याचं काय

हातमोजे नायट्राइलचे. स्वयंपाकघरातले रबरी मोजे डिझेलने फुगून फाटतात. गमबूट, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही; वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मास्क लागतो. तोही नसेल तर वारा पाठीशी घेऊन काम करा आणि डोकं दुखायला, मळमळायला लागलं की लगेच बाजूला व्हा. डिझेल तोंडात गेलं तर उलटी करायला लावू नका, ते फुप्फुसात जातं. थेट दवाखाना. अंगाला लागलेलं साबण-पाण्याने धुवा, रॉकेलने पुसू नका.

तेल लागलेले पट्टे, मोजे, पॅड हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. किनाऱ्यावर जाळायचा नाही, पुरायचा नाही, ग्रामपंचायतीच्या उकिरड्यावर टाकायचा नाही. दुहेरी जाड पिशवीत भरून झाकणाच्या पिंपात ठेवा, पिंप सावलीत, भरतीच्या रेषेच्या बरंच वर, खाली ताडपत्री. पिंपावर तारीख, जागा आणि आत काय आहे ते गुजरातीत आणि इंग्रजीत लिहा. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून अधिकृत वाहनानेच ते हलवायचं. आपल्या टेम्पोत घालून वडोदऱ्याला आणायचं नाही. कचरा सांडलेल्या तेलाच्या कितीतरी पट होतो, म्हणून ही सोय पहिला पट्टा पाण्यात टाकण्याआधी झालेली हवी.

शेवटची फेरी पुढच्या उधाणाला, म्हणजे येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला ठेवा. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडापाशी, गोळा करायच्या कोपऱ्यात आणि तिवरांच्या बाहेरच्या कडेला, स्थानिक माणसाला सोबत घेऊन, वीतभर खोल खड्डा करा आणि त्यात पाणी झिरपू द्या. दहा मिनिटांनी बघा. त्या पाण्यावर इंद्रधनुषी झाक आली तर जागा, तारीख आणि झाकेचा रंग लिहून मंडळाला कळवा, आणि महिन्याने त्याच जागी पुन्हा खणा.